सत्तावीस पानांचा शेजारी

शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, शेजाऱ्याच्या डोक्यावरच्या दाट केसांचा वाटतो, एका वयानंतर तर शेजाऱ्याच्या पचनाचाही वाटतो. यात नवल काही नाही. पण सरकार शेजाऱ्यावर पाळत ठेवतं आणि आपल्यावर ठेवत नाही, म्हणून ज्यांच्या पोटात सहा महिने दुखलं असे गृहस्थ जगात एकच झाले, आणि ते म्हणजे दप्तरराव.

दप्तरराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात फायली सांभाळून ते निवृत्त झाले आणि इमारतीनं त्यांना हे नाव चिकटवलं. त्यांना ते आवडलंही. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती. एकात दप्तरराव आणि त्यांची बायको, दुसऱ्यात चष्मेवाले. चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं आणि मुलगा परदेशी होता. दोन्ही गोष्टी ते भेटेल त्याला सांगत, त्यामुळे त्यांचा कोणाला फारसा त्रास नव्हता. सगळ्यांना सवय झाली होती.

घोटाळा झाला तो चष्मेवाले मुलाकडून परत आले तेव्हा. विमानतळावर एका अधिकाऱ्यानं त्यांना रांगेतून बाजूला घेतलं, एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलं आणि चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. जाताना पाचव्या रांगेत बसलात, येताना एकोणिसाव्या, ते का? तिथं असताना फोन नंबर बदललात, तो का? एकट्या माणसाला तीन बॅगा कशाला? आता बॅगांमध्ये चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा होत्या आणि एकोणिसाव्या रांगेत पाय पसरायला जागा होती, यापलीकडे त्यात काही नव्हतं. दुसरा कोणी असता तर घरी येऊन पडून राहिला असता. चष्मेवाल्यांनी अर्ज केला. विमान कंपन्या प्रवाशांची सगळी माहिती सरकारला देतात आणि प्रवाशाला ती मागून घेण्याचा हक्क आहे, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दोन महिन्यांनी घरी पाकीट आलं. त्यात सत्तावीस पानं होती.

त्या दिवसापासून जिना चढणं अवघड झालं. चष्मेवाले ती पानं प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून दारातच उभे असत.

"पान चौदा बघा," ते दप्तररावांना म्हणाले. "विमानात मी खिडकीची जागा सोडून मधली घेतली. कधी घेतली, कोणाच्या शेजारी घेतली, सगळं आहे. सरळसरळ खासगीपणावर घाला आहे हा. मला तर झोप लागत नाही."

म्हणत होते झोप लागत नाही, पण चेहरा असा तुकतुकीत की नुकतीच हळद उतरलेला नवरदेव वाटावा.

"पाच वर्षं ठेवतात म्हणे," ते पुढे म्हणाले. "तुम्हीही गेल्या वर्षी लेकीकडे गेला होतात ना? तुमचंही असेल काहीतरी. थोडंफार."

हे 'थोडंफार' दप्तररावांच्या छातीत रुतलं ते रुतलंच.

यामागचं शास्त्र समजून घ्यायला हवं. चौतीस वर्षांत दप्तरराव एकच गोष्ट शिकले होते : जगात दोन प्रकारची माणसं असतात, जाड फायलीची आणि पातळ फायलीची. पातळ फायली दहा-दहाच्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधून वरच्या फळीवर जात. जाड फायलीला स्वतःची पेटी मिळे, पेटीवर लेबल मिळे. त्यांच्या दप्तरखान्यात तीस वर्षं नोकरी करून गेलेल्या एका साहेबांची सहा कागदांची फाइल होती, आणि निलंबित झालेल्या एका वनरक्षकाचे चार खंड होते. आज त्या साहेबांची आठवण कोणाला आहे? वनरक्षकाची मात्र दर वर्षी धूळ झटकली जाई. तेव्हा चष्मेवाल्यांसारख्या काचा घासणाऱ्या माणसाची सत्तावीस पानं, आणि ज्यानं सरकारचं अख्खं दप्तर डोक्यावर वाहिलं त्याचं 'थोडंफार'?

"अहो, त्यांच्यावर लक्ष ठेवतात ही काय बरं वाटण्यासारखी गोष्ट आहे?" बायको म्हणाली.

"प्रश्न बरं वाटण्याचा नाही. प्रश्न दखल घेण्याचा आहे."

"मग मी घेते की दखल. भाकरी गार होतेय."

दुसऱ्या दिवशी दप्तरराव प्रवासी माहिती कक्षात जाऊन उभे राहिले. कक्ष चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी. तिथल्या बाईंनी कानामागचं पेन काढून एक फॉर्म दिला. फॉर्मच्या अकराव्या रकान्यात विचारलं होतं : 'आपल्यावर लक्ष ठेवले जात असल्याचा संशय येण्याचे कारण.' दप्तररावांनी लिहिलं, 'दीर्घ सरकारी सेवा व स्पष्टवक्तेपणा', आणि जागा अपुरी पडली म्हणून पुरवणी जोडली.

"प्रवास केल्याचा पुरावा?" बाई म्हणाल्या.

हा प्रश्न म्हणजे दप्तररावांना आमंत्रणच. त्यांनी ऐटीत फाइल उघडली. विमानात चढताना दिलेला पास त्यांनी वर्षभर जपला होता. नुसता जपला नव्हता, रीतसर भोकं पाडून लावला होता.

बाईंनी पास उजेडात धरला. भोकातून त्यांचा एक डोळा दिसला.

"यावर जागेचा क्रमांक नाही."

"आहे की."

"होता. तिथं आता भोक आहे. आणि दुसरं भोक तारखेवर आहे."

"भोकं नियमाप्रमाणे पाडली आहेत. डाव्या कडेपासून बारा मिलिमीटर."

"मग त्यातून पडलेल्या टिकल्या आणा," बाई म्हणाल्या. दप्तररावांना क्षणभर वाटलं की त्या थट्टा करताहेत, पण सरकारी चेहऱ्यावरून तसं काही ओळखता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? घरी येऊन त्यांनी पंचिंग मशीनच्या पोटातलं सगळं भुसकट टेबलावर ओतलं आणि चार दिवस भिंग लावून शोधलं. तारखेचा अर्धा आकडा सापडला. तो त्यांनी एका वेगळ्या लखोट्यात घालून, लखोट्यावर 'सोबत : टिकली एक' असं लिहून सादर केला.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं. 'आपल्या नावे स्वतंत्र नोंद आढळून येत नाही.'

पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच चष्मेवाले दारात हजर होते. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. वाचायला दुसरं काही नव्हतंच.

"अभिनंदन. सुटलात," ते म्हणाले. "आम्हीच आपले अडकलोय."

दप्तरराव त्या दिवशी जेवले नाहीत. तळमजल्यावर एक निवृत्त हवालदार राहत, ते अशा वेळी सल्ला द्यायला नेहमीच मोकळे असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"काका, पाळत मागून मिळत नाही. ती ओढवून घ्यावी लागते. मी तीस वर्षं लोकांवर पाळत ठेवलीय. ज्याच्याकडे बघून मनात काही येतच नाही, त्याच्यावर कोण ठेवणार? थोडं मनात येईल असं वागा."

"म्हणजे कसं?"

"विमान कंपनीला फोन करा. विचारू नये ते विचारा. विमानतळाबाहेर घुटमळा. काळा चष्मा लावा. चालताना मध्येच थांबून मागं बघा. तुम्ही नको इतके सरळ चालता."

दप्तररावांनी आधी फोन केला. घसा खरवडून, आवाज जमेल तितका घोगरा करून त्यांनी विचारलं, "विमानाच्या मागच्या दाराला आतून कडी असते का?"

"आजोबा, पहिल्यांदाच जाताय का?" पलीकडची मुलगी म्हणाली. "अजिबात घाबरायचं नाही बरं का. दार घट्ट असतं. उड्डाणाच्या वेळी गोळी चघळायची, कान दुखत नाहीत." अकरा मिनिटं तिनं त्यांना धीर दिला आणि शेवटी घरी कोण कोण असतं ते विचारलं. एवढ्या मायेनं त्यांची चौकशी गेल्या दहा वर्षांत कोणी केली नव्हती. त्यांना भयंकर अपमान वाटला.

मग विमानतळ. काळा चष्मा चष्मेवाल्यांकडूनच मागावा लागला, हा त्यातला सर्वात कडू घोट. चष्मेवाल्यांनी दुकानातला एक पडून राहिलेला दिला, त्याला नंबर होता. दुर्बीणही दिली, ती एकाच डोळ्यानं दिसणारी. असा सगळा सरंजाम लावून दप्तरराव विमानतळाच्या दारासमोर दीड तास घुटमळले. दर वीस पावलांनी थांबून मागं बघत होते. नंबरामुळे जमीन आहे त्यापेक्षा वीतभर वर दिसत होती, म्हणून ते पाय उचलून टाकत होते. सामानाच्या ढकलगाड्यांच्या रांगेवर ते दोनदा आदळले आणि दुसऱ्यांदा त्यांनी गाडीची माफी मागितली.

अखेर बंदूकवाला रक्षक त्यांच्या दिशेनं निघाला. दप्तररावांनी स्वेटर खाली ओढून नीट केला. आली, बिनखिडकीची खोली आली. चाळीस मिनिटं तरी हवीतच, जमलं तर पंचेचाळीस.

रक्षकानं खुर्ची आणली. मग पाणी आणलं. मग खाली वाकून, लहान मुलाशी बोलतात तसं विचारलं, "बाबा, कोणाबरोबर आलात? घरचा नंबर पाठ आहे का?" दप्तरराव बाणेदारपणे गप्प राहिले, त्यामुळे रक्षकाची खातरी पटली. पाच मिनिटांनी ध्वनिक्षेपकावर आवाज घुमला की एक वयस्क गृहस्थ सापडले आहेत, तपकिरी स्वेटर, ज्यांचे असतील त्यांनी येऊन घेऊन जावे.

बायको रिक्षा करून आली. तिनं एका वहीत सही केली आणि हरवलेली छत्री न्यावी तसं त्यांना घरी नेलं. वाटेत तिनं त्यांच्या नाकावरचा काळा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

दुसरा कोणी इथं थांबला असता. पण दप्तरराव अपिलात गेले. पुन्हा चौथा मजला, पुन्हा त्याच बाई. या वेळी मात्र त्यांना दया आली असावी. त्यांनी संगणकात बराच वेळ डोकं घातलं.

"तिकिटं कोणी काढली होती?"

"आमच्या हिनं. फोनबिन सगळं तीच बघते."

"मग बरोबर आहे. ज्यानं तिकिटं काढली त्याच्या नावे नोंद असते. तुम्ही त्यांच्या नोंदीत आहात. सहप्रवासी म्हणून."

"म्हणजे फाइल तिची?"

"त्यांची. तुम्ही त्यातला मजकूर. हवी असेल तर अर्जावर त्यांची सही आणा."

तिच्या नावे का होईना, फाइल होती. दप्तरराव जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. घरी येऊन त्यांनी बायकोसमोर फॉर्म ठेवला.

"कसली सही?"

"पेन्शनची आहे."

अडतीस वर्षं ते बोट ठेवतील तिथं ती सही करत आली होती. आताही तिनं केली.

तोवर चष्मेवाल्यांची कीर्ती शेजारच्या चार इमारतींत पसरली होती. रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये त्यांनी जाहीर सभाच लावली. फलक स्वतः रंगवला : वरची ओळ भली मोठी, खालची तिच्याहून लहान, त्याखालची आणखी लहान, दुकानातल्या तक्त्यासारखी. 'आपल्या खासगीपणावर कोणाचा डोळा?' हे रस्त्यावरून दिसे. त्याखाली त्यांचं नाव. आणि सगळ्यात तळाशी, जिथं बहुतेकांना चष्मा लावावा लागला, तिथं दप्तररावांचं नाव होतं आणि विषय होता, 'ज्यावर पाळत नाही अशा सामान्य नागरिकाचे मनोगत'.

शनिवारी दुपारी पाकीट आलं. बायकोनंच सही करून घेतलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि ती भाजी निवडायला बसली. दप्तररावांनी पाकीट पोटाशी धरलं, न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसून पानं मोजली. मग पुन्हा मोजली.

एकेचाळीस.

सत्तावीसच्या वर चौदा. त्यांनी डोळे मिटले आणि उद्याच्या सभेत चष्मेवाल्यांचा चेहरा कसा होईल ते दोन मिनिटं शांतपणे पाहून घेतलं. मग वाचायला लागले.

बायकोनं विमान कंपनीला केलेला प्रत्येक फोन त्यात उतरवलेला होता. 'सहप्रवाशास गुडघ्याचा त्रास. कडेची जागा द्यावी.' 'सहप्रवाशास कमी मिठाचे जेवण. तसे सांगितल्याचे सहप्रवाशास कळू देऊ नये.' तरीच, दप्तरराव मनात म्हणाले. सगळ्या विमान कंपनीलाच स्वयंपाक येत नाही असं ते वर्षभर लोकांना सांगत आले होते. 'सहप्रवासी उड्डाणाच्या वेळी डोळे घट्ट मिटून बसतो. तो झोपला आहे असे समजून वागावे.' प्रत्येक पानाच्या कडेला कोणाकोणाच्या आद्याक्षरांच्या सह्या होत्या. म्हणजे हे कोणीतरी वाचलं होतं, वरच्यानं तपासलं होतं, त्याच्या वरच्यानं पाहिलं होतं. दप्तररावांचा ऊर भरून आला. गुडघा का असेना, सरकारदरबारी पोचला होता.

मग तेहेतिसावं पान आलं.

'प्रवासी विचारते : परतीच्या दोन तिकिटांपैकी एकच सहा महिने पुढे ढकलता येईल का. कोणाचे : स्वतःचे. सहप्रवासी ठरल्या तारखेस एकटा परतेल.'

चौतिसावं, चार दिवसांनंतरचं. 'प्रवासी पुन्हा विचारते. लहान मुलांना विमानात बसवून पलीकडे उतरवून घेतात, तशी सोय सहप्रवाशासाठी आहे का.'

छत्तिसावं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न.

दप्तररावांनी ती तीन पानं मांडीवर ओळीनं लावली. लेकीकडचे ते पाच आठवडे त्यांनी आठवून पाहिले. उशी उंच होती असं ते रोज म्हणत. नात रडते असं म्हणत. घरी कधी जायचं असं म्हणत. ती काय म्हणत होती, ते काही केल्या आठवेना. तिनं जे त्यांना सांगितलं नव्हतं, ते फोनवरच्या एका अनोळखी मुलीला सांगितलं होतं. त्या मुलीनं ते लिहिलं, एका साहेबानं वाचलं, दुसऱ्यानं त्यावर सही केली. तीन माणसांना, बहुधा पाचांना, वर्षभर ठाऊक होतं. चष्मेवाल्यांचा हेवा हा आतापर्यंत त्यांना फार मोठा वाटत आला होता. आता त्या समोर न दिसणाऱ्या पाच जणांचा जो वाटला, त्यापुढे तो लहान मुलाच्या गोळीइतका उरला.

रविवारी हॉल भरला. चष्मेवाल्यांनी सत्तावीस पानांतली एकोणीस वाचली आणि दोन ठिकाणी आवाज कापरा केला. तिसऱ्या रांगेत दप्तररावांची बायको मांडीवर हात ठेवून बसली होती. मग दप्तररावांचं नाव पुकारलं गेलं. ते पाकीट घेऊन उठले.

"काका, जाड दिसतंय की," हवालदार पुढच्या रांगेतून म्हणाले. सगळा हॉल पुढे झुकला. चष्मेवाल्यांनी मान लांब केली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तुकतुकीतपणा पहिल्यांदा उतरला. दप्तररावांना तो उतरलेला चेहरा दिसला. मनसोक्त पाहता येईल इतका जवळून दिसला.

"नियमावली आहे," दप्तरराव म्हणाले. "छापील. सगळ्यांना पाठवतात. माझ्याबद्दल त्यात काही नाही." मग, कोणी विचारलं नसतानाही, त्यांनी पुढे म्हटलं, "माझी फाइलच नाही."

टाळ्या पडल्या, आजारी माणसाला बघायला आल्यावर बिस्किटाचा पुडा ठेवतात तशा. चष्मेवाल्यांचा चेहरा पुन्हा फुलला. त्यांनी दप्तररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं सांगितलं की लक्ष न जाण्यातही एक सुख आहे. छायाचित्रकारानं दप्तररावांना जरा बाजूला सरकायला सांगितलं.

घरी आल्यावर बायको धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन पलंगावर बसली. दप्तरराव दारात उभे राहिले.

"तुला लेकीकडे सहा महिने राहायचं होतं?"

तिनं मान वर केली नाही. "कोणी सांगितलं?"

"सरकारनं."

तिनं एका सदऱ्याची घडी पुरी केली. "पेन्शनच्या कागदावर विमानाचं चित्र कधीपासून यायला लागलं?"

"म्हणजे तुला कळलं होतं? मग सही का केलीस?"

"त्या सत्तावीस पानांपायी तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हटलं, होऊन जाऊ द्या एकदाचं."

"तीनदा विचारलंस तू."

"विचारलं."

"लहान मुलांची सोय."

"नाही म्हणाले. मोठ्यांसाठी चाकाची खुर्ची असते, पण तुम्ही काय तीत बसणार होतात?"

दप्तरराव पलंगाच्या कडेला टेकले. "मग राहिली का नाहीस?"

"ते नाही का लिहिलेलं त्यात?"

त्यांनी सदतिसावं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "प्रवाशाने विनंती मागे घेतली. कारण विचारले असता सांगितले नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली.

"मला तरी सांग."

"तुम्हाला सांगायचं आणि उद्या जिन्यात ऐकायचं."

"आज मी वाचून दाखवलं नाही."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "ते बघितलं मी. पाकीट मीच घेतलं होतं दारात. जड होतं."

दप्तररावांनी पुढं शोधलं. अडतिसावं पान उलटलं, एकोणचाळिसावं उलटलं. सरकारलाही कारण ठाऊक नव्हतं, ही एक गोष्ट बरी होती. त्या एका ओळीपुरते तरी सरकार आणि ते एका पायरीवर होते. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की नोंद अपुरी वाटल्यास तीस दिवसांत अपील करता येईल.

बायकोनं ढिगातून चादर ओढून काढली आणि एक टोक त्यांच्या दिशेनं टाकलं. दप्तररावांनी एकेचाळीस पानं खाली ठेवली आणि ते टोक धरून उभे राहिले.

"सरळ धरा," ती म्हणाली.